खो मिळेपर्यंत

बसलेल्या खेळाडूनं खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. हे एवढं एकच वाक्य मी इतकी वर्षं मैदानावर ओरडले, की साताऱ्यातल्या कित्येक बायका अजून मला रस्त्यात बघून आधी ताठ होतात आणि मग नमस्कार करतात. मधल्या रांगेत आठ जणी बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. धावणारी मागून येते, पाठीला हात लावते, ‘खो’ म्हणते. मग बसलेली उठून धावते आणि खो देणारी तिच्या जागी बसते. तोवर समोरून कुणी वाकुल्या दाखवत पळालं तरी जागचं हलायचं नाही. पोरींना हे लवकर जमत नाही. अंगात उकळ्या फुटतात, बूड उचललं जातं आणि फाऊल होतो.

ज्या एका जिवाला हे पहिल्याच खेपेला जमलं ती आमची कंदी. कंदी म्हणजे कुत्री. रंग अगदी कंदी पेढ्याचा, म्हणून माझ्या भावानं, अजितनं, ते नाव ठेवलं. जात विचाराल तर गावठी. आमच्या गोडोलीच्या घरासमोर मी गल्लीतल्या पोरींना खेळवायची तेव्हा हे एवढंसं पिल्लू येऊन रांगेत बसायचं, तोंड बरोबर उलट्या दिशेला करून. पाठीला हात लावून कुणी ‘खो’ म्हणेपर्यंत हलायचं नाही, आणि म्हटलं की सुसाट. मी पोरींना म्हणायची, लाज बाळगा जरा, त्या जनावराला कळतं.

अजितची मुलगी शाल्मली, आमची शालू, ही कंदीच्या नंतर घरात आली. दोघी एकाच गोधडीवर वाढल्या. चालायला लागली तेव्हापासून शालू रोज दारातून बाहेर पडताना म्हणायची, ‘येते हं कंदे.’ आणि कंदी फाटकाजवळच्या फरशीवर जाऊन बसायची, ती परत येईपर्यंत.

शालू तिसरीत असताना कंदीनं खाणं सोडलं. मागचे पाय लटपटायला लागले, डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला. तिनं खाणं सोडलं म्हणून शालूनंही सोडलं. अजित असा मऊ, की पोरीच्या डोळ्यांत पाणी दिसलं की ह्याचं काळीज लोणी. त्याच सुमारास बाजारात ‘धीर’ आलं होतं.

मी काही शास्त्रवाली नव्हे, पण आमचे जनावरांचे डॉक्टर फरहान मुजावर माझे विद्यार्थी. पीटीच्या तासाला कायम उशिरा यायचे. त्यांनी समजावलं ते सांगते. कुत्र्याच्या मेंदूच्या तळाशी पेशींचा एक बारकासा पुंजका असतो. आपल्या माणसाचं काही असलं की तो चेततो. तिथून निघालेला संदेश मानेतल्या एका लांबलचक नसेवाटे हृदयाला, आतड्यांना पोचतो. मग हृदय नेमानं चालतं, अंगातली सूज उतरते, झीज भरून काढणारी रसायनं रक्तात सुटतात. म्हातारपणी हा संदेश क्षीण होत जातो. धीर म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं यंत्र. मानेच्या कातडीखाली ते बसवायचं आणि केसाहून बारीक तार त्या नसेला गुंडाळायची. ते संदेश ऐकतं, मोठा करतं आणि पुढे पाठवतं. म्हणजे लग्नातला लाऊडस्पीकरच. पण माईकसमोर कुणी बोललंच नाही, तर लाऊडस्पीकर काय वाजणार? मूळ संदेश कुत्र्याच्या आतूनच यायला हवा.

तो कुणामुळे येतो हे आधी तपासतात. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस घरी आला, कंदीच्या मानेला पट्टा बांधला आणि आम्हाला एकेक करून तिच्यासमोर बसवलं. पडद्यावरची रेघ माझ्यासाठी जेमतेम हलली. अजितसाठी थोडी. शालूची आई पल्लवी रोज तिला जेवण घालायची, तिच्यासाठीही तेवढीच. तेवढ्यात शालूची शाळेची वेळ झाली. ती दारात बूट घालायला वाकली, ‘येते हं कंदे’ म्हणाली, आणि रेघ जी उसळली ती पडद्याच्या वरच्या काठाला जाऊन टेकली. आमचे सगळ्यांचे डोळे भरून आले. तो माणूस म्हणाला की हा जीव ह्या मुलीच्या मायेवर चालेल, फक्त रोजची भेट चुकवायची नाही. एक अख्खा दिवस आणि रात्र ती दिसली नाही तर संदेश विझत जाईल. आम्ही माना डोलावल्या. पोरगी त्या क्षणी बूट घालत होती, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिलं वर्ष सणासारखं गेलं. कंदी पुन्हा खायला लागली, शालू शाळेतून आली की तिच्या मांडीवर डोकं टाकून पडायची. पण पुढे पुढे दावं काचायला लागलं. पल्लवीच्या भावाचं लग्न नागपूरला झालं, तिथं ती एकटी गेली. शाळेची सहल रायगडला मुक्कामी गेली, शालू घरी. मैत्रिणीकडे रात्री राहणं नाही, आजोळी जाणं नाही. अजितनं नाशिकची बदली नाकारली आणि ऑफिसात काहीतरी थाप मारली. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल तेवढंच आमचं जग उरलं. आणि ह्याबद्दल बोलायची घरात कुणाची छाती नव्हती, कारण बोलायचं म्हणजे कंदीच्या मरणाबद्दल बोलायचं.

बरं, जिच्यासाठी हे सगळं, ती तरी सुखात होती का? धीरनं हृदय चालू ठेवलं होतं, बाकीचं शरीर आपल्या वाटेनं चाललंच होतं. डोळे पुरते गेले. कंबर गेली. तरी शालू बाहेर पडली की ती फरफटत फाटकाशी जायची आणि पाय थरथरत असले तरी उभी राहायची. शालू आली की कोसळल्यासारखी झोपायची. आम्ही म्हणायचो, बघा, भेट झाली, आता कसं निवांत वाटलं तिला.

शालू सहावीत गेली आणि तिची राज्याच्या संघाच्या सराव शिबिरासाठी निवड झाली. शिबिर धाराशिवला, पंधरवड्याचं. पोरगी अशी चपळ, की खांबाला वळसा घालताना तिची वेणी मागाहून येते. मी आनंदानं पेढे आणायला निघाले, तर ही शांतपणे म्हणाली की मी शिबिराच्या बाईंना नाही म्हणून कळवलंय. माझा पारा चढला. मी नको नको ते बोलले. एका म्हाताऱ्या कुत्रीपायी तू स्वतःचं मातेरं करणार आहेस का, असंही बोलले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “आत्या, मी गेले तर ती मरेल. मी तिकडे खेळत असताना ती मेली, तर तिला कुणी मारलं म्हणायचं?”

माझ्यासारख्या तोंडाळ बाईला अकरा वर्षांच्या पोरीनं गप्प केलं.

त्याच आठवड्यात शालूला ताप आला. शाळा नाही, मैदान नाही, नुसती कंदीला कुशीत घेऊन पडून होती. म्हणजे हिशेबानं कंदीला भेटीची मेजवानीच होती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी कंदीचे पंजे गार पडले, हिरड्या पांढऱ्या झाल्या. शालू अंगात ताप असताना गाडीत येऊन बसली. आम्ही तिघं, अजित, शालू आणि मी, कंदीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी तिला टेबलावर ठेवून धीरची रेघ पडद्यावर लावली. रेघ जवळजवळ सपाट होती. त्यांनी पाण्याची बाटली मागितली. ती गाडीत राहिली होती. शालू उठली आणि सवयीनं म्हणाली, ‘येते हं कंदे.’

ती दाराबाहेर पडली आणि रेघ वर चढली. कंदीनं मान उचलली, आंधळे डोळे दाराकडे लावले. शालू बाटली घेऊन आत आली, तशी रेघ पुन्हा खाली बसली आणि कंदीनं मान टाकली. डॉक्टर पडद्याकडे बघत राहिले. त्यांनी शालूला परत बाहेर जायला सांगितलं, परत आत बोलावलं. पुन्हा तेच झालं. मग त्यांनी यंत्रातली जुनी नोंद काढली. तीन वर्षं रोज शालूच्या शाळेच्या वेळेला डोंगर, आणि ती घरी आली की उतार.

डॉक्टर स्टूल ओढून शालूसमोर बसले. “बाळा, ती तुझ्या भेटीवर जगत नाहीये. तुझी वाट बघण्यावर जगतेय.”

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले की बाई, लेक परगावाहून येईपर्यंत जीव धरून बसलेली म्हातारी माणसं आपण पाहिलेली आहेतच. हे तेच आहे. वाट बघणं म्हणजे शरीराला दिलेली ताकीद, अजून थांब म्हणून. धीर ती ताकीद मोठी करून तिच्या अंगात ओततं. दुखलं तरी थांब, दमलीस तरी थांब. फार दिवस कुणी आलंच नाही तर आशा सुटते, म्हणून रोज परत यावं लागतं. येणं महत्त्वाचं नव्हतंच. पुन्हा जाता यावं म्हणून येणं.

अजित म्हणाला की मग यंत्र बंद करा. डॉक्टर म्हणाले की बंद करायचा हुकूम कंपनीच्या यंत्रणेकडूनच यावा लागतो आणि ती कंपनी गेल्या वर्षी गुंडाळली गेली. हुकूम देणारं कुणी उरलंच नाही. काढायचं म्हटलं तर तारेभोवती मांस वाढलंय, ह्या वयात टेबलावरच हाल होतील. इंजेक्शन दिलं तर ते हृदय थांबवू बघणार आणि धीर ते चालवू बघणार, त्या ओढाताणीत ती तासन्‌तास तडफडेल. ते त्यांनी दुसऱ्या एका कुत्र्याच्या बाबतीत पाहिलं होतं आणि पुन्हा बघायची त्यांची तयारी नव्हती. एकच वाट होती. शालूनं कंदीजवळ बसायचं आणि कुठेही जायचं नाही. आता ही जात नाही, अशी कंदीची खात्री पटली की वाट बघणं संपेल, आणि धीरला मोठं करायला काही उरणार नाही.

हे ते मला सांगत होते. पण ऐकत होती शालू.

ताप उतरल्यावर सकाळी तिनं दारात बूट घातले आणि मोठ्यानं म्हणाली, ‘येते हं कंदे.’ थांबली. पुन्हा म्हणाली, आणखी मोठ्यानं. कंदी पुढच्या पायांवर जोर देत उठली. शालू आमच्याकडे न बघता फाटकाबाहेर गेली. पल्लवी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

असे बरेच दिवस गेले. मधेच एकदा ती न सांगता मागच्या दारानं गेली. कंदीला कळलं ते कळलंच. पूर्वी पोरगी घरी यायची ती कंदीला जगवायला. आता तिला पक्कं ठाऊक होतं की आपण दाराबाहेर टाकलेलं प्रत्येक पाऊल कंदीला थांबवून ठेवतंय, आणि जवळ बसलं तर ती जाणार. गेली तरी आपल्यामुळे, राहिली तरी आपल्यामुळे. एवढ्याशा पोरीनं कुणीकडे तोंड करावं? रोज दुपारी डबा अर्धा परत यायचा. मला फार वाटायचं की जाऊन तिला पोटाशी धरावं, पण ती जवळ येऊ देत नव्हती. तिला बस म्हणून सांगायचा अधिकार आमच्यापैकी कुणालाही नव्हता, म्हणून मी जिभेला आवर घातला.

एके दिवशी शाळा लवकर सुटली. मी पडवीत मटार सोलत बसले होते. शेजारच्या जास्वंदीमागे मला लाल रिबीन दिसली. शालू तिथं उभी राहून आमच्या फाटकाकडे बघत होती. वारा उलट्या बाजूचा होता, आणि कंदीचं नाकही आता पूर्वीचं राहिलं नव्हतं. मी हाक मारली नाही.

कंदी फाटकाला अंग टेकून उभी होती, खाली बसायला होऊ नये म्हणून. मागचे पाय लटलट कापत होते. रस्त्यावरून स्कूटर आली, तिचे कान उभे राहिले, सगळं अंग ताठ झालं. स्कूटर गेली, मान खाली. सायकल आली, पुन्हा कान उभे. सायकल गेली, पुन्हा मान खाली. पाण्याचं भांडं तोंडाशी होतं, पण तेवढ्यात शालू आली तर म्हणून ती मान वळवत नव्हती. हे मी रोज बघत होते, माझ्या डोळ्यांना सवय झाली होती. शालू पहिल्यांदा बघत होती. एरवी ती कशी बघणार? ती आली की ते संपलेलं असायचं.

बऱ्याच वेळानं ती फाटक उघडून आत आली. कंदी तिच्या पायांवरच कोसळली. शालूनं मला विचारलं, “रोज असंच?”

“रोज,” मी म्हटलं.

तिनं दप्तर खाली ठेवलं. बूट काढले, ते माझ्या हातात दिले आणि म्हणाली की हे आत कपाटात ठेव, तिला ह्यांचा वास येता कामा नये. मग ती फरशीवर मांडी घालून बसली.

अजितनं वर ताडपत्री बांधली. पल्लवी तिथंच ताट आणायची, एक घास लेकीला, एक कंदीला. पहिल्या दिवशी कंदीचा विश्वासच बसेना. शालूनं नुसती मांडी बदलली तरी मान वर. ती मोरीत जाऊन आली तरी मान वर. इतकी वर्षं ‘येते’ म्हणून गेलेली पोरगी आज जात का नाही, हे त्या जिवाला उलगडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मान थोडी कमी उचलली. तिसऱ्या दिवशी सकाळी शालू उठून परत आली तरी ती झोपूनच होती. पंजे सैल पडले होते. असे सैल पंजे मी तिचे कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

ते बघितलं आणि शालूचा धीर सुटला. माझा हात घट्ट धरून म्हणाली, “आत्या, मी आत्ता फाटकाबाहेर गेले तर ती उठेल ना?”

“उठेल.”

“मग मला धरून ठेव. मी म्हटलं तरी सोडू नकोस.”

मी तिला कमरेला विळखा घालून धरलं. ती खरंच उठायला बघत होती. सगळं अंग फाटकाकडे ओढत होती, रडत होती, सोड म्हणत होती. माझ्या दंडावर तिची नखं उमटली. मी सोडलं नाही. अजित उठून घरामागे गेला, त्याला ते बघवेना. हळूहळू ती शांत झाली आणि कंदीच्या मानेवर, त्या बटणावर, हात ठेवून पडून राहिली.

ऊन कलायला लागलं तेव्हा कंदी हलली. पुढचे पाय टेकून, कशीबशी, ती बसती झाली. तोंड फाटकाकडे, पाठ आमच्याकडे, मान ताठ. ही बैठक मी कुठेही ओळखली असती.

शालूनंही ओळखली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. ती गुडघ्यांवर सरकत कंदीच्या मागे गेली, पाठीला हात लावला आणि हळू म्हणाली, “खो.”

कंदी उठली. दोन पावलं टाकली, आणि फाटकाकडे नाही, घराकडे वळली. शालू नियमाप्रमाणे तिच्या जागी बसली, फाटकाकडे तोंड करून. कंदी तिच्यामागे आली, शालूच्या पाठीला पाठ लावून आडवी झाली. शालूनं वळून बघितलं नाही. कंदीचा श्वास तिला पाठीला लागत होता. पल्लवी आणि मी शेजारी बसून होतो. शालू मधेमधे काहीबाही सांगत होती, कंदीनं एकदा गुरुजींची चप्पल पळवली होती ते, पावसात दोघींनी मार खाल्ला होता ते. मग ती बोलायची थांबली.

“आत्या,” ती म्हणाली, “थांबलं.”

डॉक्टर येऊन बघून गेले. अजित घरामागे पेरूच्या झाडाखाली खणायला लागला. शालू मात्र तशीच बसून. पल्लवीनं बोलावलं, उठेना. मी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. फाटकाकडे बघतच ती म्हणाली, “खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. तूच सांगतेस.”

मग मी तिच्यामागे गेले. त्या इवल्याशा पाठीला हात लावला आणि खो दिला. ती उठली आणि पळत घरामागे गेली, आणि तिथं बापाच्या गळ्यात पडून जी रडली ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. आता खो देणारीनं बसायला नको का? माझे गुडघे कुरकुरले, पण मी त्या फरशीवर बसले.

धाराशिवला शालूची जागा अजून भरली नव्हती. मी त्या बाईंना फोन केला होता, कुणाला न विचारता. निघायच्या दिवशी तिनं कपाटातून बूट काढले आणि दारात घातले. वाकलेली असतानाच नजर फरशीकडे गेली. तिथं मी बसले होते.

“येते हं आत्या,” म्हणाली.

“ये,” मी म्हटलं.

तिला नेणारी बिनड्रायव्हरची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. पल्लवी बाहेर आली आणि म्हणाली, ताई, उन्हात किती वेळ बसाल, आत चला. मी रस्त्याकडे बघत तिला विचारलं, मला कुणी खो दिलाय का?